पाच मार्कांचा प्रश्न

"उद्योगधंद्यांच्या स्थाननिश्चितीवर परिणाम करणारे घटक सांगा." भूगोलाच्या पेपरात हा प्रश्न आला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. पाच मार्कांना यायचा. उत्तरही ठरलेलं. कच्चा माल, मजूर, वीज-पाणी, वाहतूक, बाजारपेठ, भांडवल, आणि शेवटी पानावर जागा उरली तर 'सरकारी धोरण'. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी खरडल्या की पाचपैकी साडेतीन नक्की!

गेले काही महिने मी हाच प्रश्न पुन्हा घेऊन बसले आहे, फक्त एकाच धंद्यापुरता, लाकडाच्या. कारण घरगुती आहे. आमच्या मामांची दोडामार्ग तालुक्यात थोडी जमीन आहे. त्या भागात केरळहून आलेल्या मंडळींनी रबराच्या बागा लावल्या आहेत. त्या पाहून मामांनाही वाटतंय की उतारावरच्या पडीक तुकड्यात रबर लावावं. नाहीतर साग, नाहीतर बांबू. माझा मावसभाऊ म्हणतो, "प्लायवुडवाल्यांना हवं ते झाड लावा, रोख पैसा." फोनवर यावरून घरात बरीच वादावादी झाली. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. झाड लावलं, वाढलं, पण ते घेणारा कारखाना कुठे असणार? तो आपल्याकडे येईल की आपलं लाकूड त्याच्याकडे जाईल? लाकडाचे कारखाने मुळात जागा ठरवतात कशावरून? म्हणून वाचायला घेतलं, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

पुस्तकी उत्तरापासूनच सुरुवात करू. आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने (समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा हा धाकटा भाऊ) १९०९ साली कारखान्यांच्या जागेबद्दल एक सिद्धांत मांडला. त्यातला आपल्या कामाचा भाग सोपा आहे. ज्या मालाचं वजन कारखान्यात खूप घटतं, त्याचा कारखाना मालाच्या जवळ जातो. आपल्याला हे वेबरने सांगायची गरज नाही. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो, म्हणून साखर कारखाना उसाच्या शिवारातच उभा राहतो. लाकडाचंही तसंच. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात मोठा हिस्सा पाण्याचा असतो. शिवाय साल, भुसा, वाकडेतिकडे तुकडे. प्लायवुड करताना ओंडका लेथवर फिरवतात आणि शार्पनरमधून पेन्सिलीचा पापुद्रा निघावा तसा त्याचा लांबच लांब पातळ पापुद्रा सोलतात. शेवटी मधला दांडका उरतोच. म्हणजे पाणी, साल आणि भुसा गाडीभाड्याने दूर नेण्यात अर्थ नाही. कारखाना जंगलाजवळ हवा. गणित पटण्यासारखं आहे. पण आपल्याकडचा इतिहास या गणिताने फार थोडा सुटतो.

आपल्या मुंबईचंच बघा. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या पारशी जहाजबांधणी कारागिराला सुरतेहून मुंबईला आणलं. १७५० मध्ये इथे सुकी गोदी झाली आणि पुढची शंभरेक वर्षं वाडिया घराण्याने इथे जहाजं बांधली. १८१७ साली इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. सगळं सागवानाचं. पण तो साग मुंबईचा नव्हे, तो समुद्रमार्गे यायचा मलबारहून. मग वेबरच्या हिशोबाने गोदी मलबारातच का नाही? मोठं कारण समुद्राचं आहे. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, केरळच्या किनाऱ्यावर जेमतेम मीटरभर. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, असली गोदी मुंबईलाच सोयीची. त्यात सुरक्षित बंदर आणि कंपनीचं ठाणं. लाकूड बाहेरून आणता आलं, सुतार सुरतेहून आणता आले, भरती-ओहोटी कुठून आणणार?

मलबारच्या सागाची मात्र या सगळ्यात पुरती वाट लागली. इतकी की १८४० च्या दशकात तिथला कलेक्टर कॉनोली याने निलांबूरला चात्तु मेनन यांच्या मदतीने सागाची लागवडच सुरू केली. सागाच्या पद्धतशीर लागवडीची ही जगातली अगदी सुरुवातीची उदाहरणं. निलांबूरचे ओंडके चालियार नदीतून तरंगत खाली कोळिकोडजवळच्या कल्लाईला यायचे आणि तिथे वखारी, करवती, व्यापारी असा मोठाच पसारा उभा राहिला. निलांबूर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट काडेपेटीची. लाकूड धंद्यातली सगळ्यात चिमुकली वस्तू, पण जागेच्या बाबतीत सगळ्यात बोलकी. १९२२ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर जबर आयात कर बसवला. तोवर स्वीडन आणि जपानमधून पेट्या यायच्या. कर बसताच स्वीडिश कंपनीने हिशोब केला की पेटी आणण्यापेक्षा कारखानाच इथे आणलेला बरा. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली 'विमको', स्थापन झाली. मुंबईजवळ अंबरनाथला तिचा कारखाना आला, पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास आणि आसामात धुब्री इथेही. आता अंबरनाथला काडीच्या लाकडाचं कुठलं जंगल? त्या काळी मुंबईकडच्या कारखान्यांना काडीसाठी ॲस्पेनचं लाकूड थेट परदेशातून यायचं. कलकत्त्याच्या कारखान्यांना निदान सुंदरबनातली गेंवा तरी जवळ होती. म्हणजे अंबरनाथचा कारखाना लाकडासाठी तिथे आलाच नव्हता. बंदर, रेल्वे आणि मुंबईची बाजारपेठ यांसाठी आला होता, आणि मुळात आपल्या देशात आला होता तो एका करामुळे.

त्याच सुमारास दक्षिणेत शिवकाशी नावाच्या कोरड्या, दुष्काळी गावातून अय्या नाडार आणि षण्मुग नाडार असे दोन तरुण कलकत्त्याला गेले, काडेपेटी करायला शिकले आणि परत येऊन त्यांनी गावात हा धंदा सुरू केला. शिवकाशीला तर लाकूड नाहीच. ते घाट ओलांडून केरळातून यायचं. पण हवा कोरडी, त्यामुळे काड्या आणि गूल झटपट वाळतात. शेती पिकत नाही म्हणून घरोघरी रिकामे हात. त्यात लहान मुलांचेही हात होते, आणि ती या धंद्याची काळी बाजू पुढे कित्येक दशकं राहिली. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर आला. यंत्रावर पेट्या करणाऱ्या मोठ्या कारखान्यांपेक्षा हातकामवाल्या छोट्यांना तो कमी ठेवण्याचं धोरण पुढे रुळलं, आणि शिवकाशी मोठ्यांपुढे टिकली, वाढली. या सगळ्यात लाकडाचं स्थान कितवं? मला तर चौथं-पाचवं वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. प्लायवुड.

भारतात प्लायवुडने मूळ धरलं ते आसामात, आणि तेही फर्निचरसाठी नव्हे, चहासाठी. चहा परदेशी पाठवायला हलक्या, मजबूत पेट्या लागायच्या आणि पूर्वी त्या पेट्यांच्या फळ्याही युरोपातून यायच्या. वरच्या आसामात होलाँगची प्रचंड सरळसोट झाडं होती, चहाचे मळे शेजारी होते, आणि कोळशासाठी मार्गेरिटापर्यंत रेल्वे आधीच पोचली होती. कच्चा माल, बाजारपेठ, वाहतूक, तिन्ही एका ठिकाणी! पाठ्यपुस्तकात छापावं असं उदाहरण. मार्गेरिटा, तिनसुकिया या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. स्वातंत्र्यानंतर शहरांत घरं वाढली, फर्निचर वाढलं, तसे आणखी वाढले. ओंडके शेजारच्या अरुणाचलमधूनही येऊ लागले. जंगल किती उरलंय हे विचारणारं कोणी नव्हतं. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कारखानदारांना सांगितलं होतं की तुमचा कच्चा माल शेतकऱ्यांच्या मदतीने वाढवा, सरकारी जंगलावर विसंबू नका. पण नीती म्हणजे कायदा नव्हे.

मग १९९५ साली निलांबूरच्या कोविलकमातले, म्हणजे तिथल्या राजघराण्यातले, टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड सर्वोच्च न्यायालयात गेले. निलगिरीतल्या गुडलूरला त्यांच्या घराण्याकडे पूर्वी असलेलं जंगल तोडलं जात होतं, ते थांबवा, एवढीच त्यांची तक्रार. पण न्यायालयाने प्रश्न साऱ्या देशाचा करून टाकला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने अरुणाचलच्या तिराप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या आणि अरुणाचलच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या सगळ्या सॉ मिल, व्हिनीअर आणि प्लायवुडचे कारखाने ताबडतोब बंद करायला सांगितलं. शिवाय ईशान्येच्या सातही राज्यांतून बाहेर लाकूड पाठवायला बंदी, रेल्वेने, रस्त्याने, नदीनेही. मार्गेरिटा आणि तिनसुकिया त्या शंभर किलोमीटरच्या आतच. जानेवारी १९९८ मध्ये पुढचा आदेश आला. परवाना असलेल्या कारखान्यांनी ठरवून दिलेल्या औद्योगिक वसाहतींत हलावं, म्हणजे लक्ष ठेवणं सोपं जाईल. थोडक्यात, कारखाना कुठे असावा हे आता नकाशावर न्यायालय सांगत होतं. ज्या मुद्द्याला आम्ही पानाच्या तळाशी दोन ओळी द्यायचो, तो यादीत सगळ्यात वर येऊन बसला.

हा आदेश चूक होता असं मी म्हणत नाही. जंगल ज्या वेगाने जात होतं ते पाहता कोणीतरी हात धरणं भागच होतं. पण कारखाने बंद पडले म्हणून देशाची प्लायवुडची भूक कमी झाली नाही. ती दुसरीकडे वळली.

वळली ती मुख्यतः हरियाणातल्या यमुनानगरकडे. हे गाव यमुना डोंगर सोडून मैदानात येते तिथलं. पूर्वी हिमालयातले ओंडके नदीतून वाहत इथे यायचे, म्हणून इथे लाकूडबाजार जुना, रेल्वे जुनी, १९२९ पासूनचा कागद कारखाना. नदीतून येणारं लाकूड कधीच संपलं, पण करवत धरणारे हात आणि लाकडाची पारख असलेले व्यापारी मागे राहिले. आणि मग इथे लाकूड आलं ते चक्क गव्हाच्या शेतातून! पॉप्लर हे मूळचं अमेरिकेतलं झाड. १९७० आणि ८० च्या दशकांत आपल्या ओळखीच्या विमकोने काड्यांच्या लाकडासाठी तराई, पंजाब, हरियाणातल्या शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपं दिली, बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, लाकूड विकत घ्यायची हमी दिली. हिवाळ्यात पॉप्लरची पानं गळतात, त्यामुळे खाली गव्हाला ऊन मिळतं. सहा-आठ वर्षांत झाड तोडणीला येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे झाड जंगलातलं नाही, त्यामुळे ते तोडायला आणि बाजारात न्यायला शेतकऱ्याला फारशी कटकट नाही. काडेपेटीसाठी लावलेलं झाड प्लायवुडच्या कामी आलं. १९९६ नंतर यमुनानगरचा बाजार फुगला तो या जोरावर. पॉप्लर आणि निलगिरी तिथे क्विंटलवर विकली जाते, ऊस किंवा कांदा विकावा तशी.

कांद्यासारखीच आपटतेही. या शतकाच्या सुरुवातीला सगळ्यांचं पॉप्लर एकदम तोडणीला आलं, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी लागवडीकडे पाठ फिरवली. मग काही वर्षांनी लाकूड कमी पडलं, भाव चढले, पुन्हा लागवड. आपल्याकडे हे चक्र कोणाला समजावून सांगायला नको. त्यात परवान्याची भर. २००२ पासून नवा लाकूड कारखाना काढायचा तर न्यायालयाने नेमलेल्या समितीची परवानगी लागू लागली, २०१५-१६ नंतर ते काम राज्यांच्या समित्यांकडे आलं. उत्तर प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या कारखान्यांना परवाने द्यायचं ठरवलं, हरित लवादाने २०२० मध्ये ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लवादाचा निर्णय फिरवला. झाडं शेतात उभीच होती. ती कुठल्या राज्यातल्या करवतीखाली जाणार, हे दिल्लीत ठरत होतं.

कारखान्यांचा दुसरा रस्ता गेला समुद्राकडे. फाळणीत कराची गेलं म्हणून कांडला बंदर बांधलं गेलं आणि शेजारी निर्वासित सिंध्यांसाठी गांधीधाम वसलं. त्या रखरखीत कच्छमध्ये आज देशातला मोठा लाकूडबाजार आहे, कारण आयात होणारे ओंडके तिथे उतरतात. पण तिथेही तेच. ब्रह्मदेशातून प्लायवुडच्या वरच्या थरासाठी गर्जनचं लाकूड यायचं. १ एप्रिल २०१४ पासून त्यांनी ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिकेतल्या गॅबनने तर २०१० मध्येच बंद केली होती, लाकूड हवं तर कारखाना इथे घाला म्हणून. मग भारतीय कंपन्यांनी खरोखरच गॅबनमध्ये जाऊन कारखाने घातले. १९२२ साली काडेपेटीच्या कराने स्वीडिश कंपनीला जे करायला लावलं, तेच शंभर वर्षांनी आपल्यावर आलं.

तिसरा रस्ता केरळातला, आणि त्याने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षांनी चीक देईनासं होतं, तेव्हा तोडतात. त्याचं लाकूड पूर्वी जळणातच जायचं. ते ओलं असताना बुरशी आणि किडा फार पटकन धरतं, म्हणून तोडल्यावर काही दिवसांत त्यावर प्रक्रिया करावी लागते. म्हणजे इथे वेबर बरोबर ठरतो, कारखाना झाडाजवळच हवा. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पेरुंबावूरला रबराच्या लाकडावर असे शेकडो कारखाने उभे राहिले. आणि तिथे काम करायला कोण आलं? आसामची माणसं. १९९६ मध्ये तिकडचे कारखाने बंद पडल्यावर प्लायवुडचं काम येणारे कामगार देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आले. मग त्यांचे भाऊ, गाववाले, मग बंगाली, ओडिया मजूर. रविवारी पेरुंबावूरच्या बाजारात असमिया आणि बंगाली सर्रास ऐकू येते म्हणे.

आमच्या उत्तरात 'मजूर' हा एक घटक असायचा. मुबलक आणि स्वस्त मजूर उपलब्ध असल्यास उद्योग तिथे येतो, असं वाक्य. इथे तर उलटंच झालं. कारखाना निघून गेला आणि माणसं तीन-साडेतीन हजार किलोमीटर त्याच्या मागे गेली. यंत्रं विकता येतात, भांडवल रातोरात हलतं, झाडसुद्धा अमेरिकेतून येऊन गव्हात रुजतं. तिनसुकियातल्या ज्या माणसाला फक्त पापुद्रा सोलता येत होता, त्याचं काय करायचं हे कुठल्याच आदेशात नव्हतं. त्याने आपलं उत्तर स्वतःच शोधलं, जनरलच्या डब्यात बसून.

आता पुन्हा मामांच्या जमिनीकडे येऊ. आपल्याकडेही शेवटचा घटकच पहिला आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने साग, खैर, आंबा, फणस अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. दोडामार्ग तर आणखी नाजूक. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली आणि तेव्हापासून तिथल्या तोडीचा प्रश्न कोर्टाशी बांधला गेला. बांबूचं नशीब मात्र पालटलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला, एप्रिल २०११ मध्ये त्यांना वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये वनजमिनीबाहेरचा बांबू वन कायद्याच्या दृष्टीने 'झाड' राहिलाच नाही. बांबू तोच, जमीन तीच, फक्त व्याख्या बदलली.

तेव्हा मामा, हे वाचत असाल तर माझं म्हणणं असं. "तिथे काय चांगलं येतं?" हा प्रश्न तुम्ही कृषी खात्याला विचाराल आणि त्याचं उत्तरही मिळेल. पण त्याआधी तलाठ्याकडे आणि वनखात्याच्या कार्यालयात एक फेरी मारा. हे झाड तोडायला कोणता कागद लागेल, गाडीत भरायला कोणता, आणि शंभर किलोमीटरच्या आत ते घेणारं कोण आहे, एवढं लिहून आणा. रबर लावलंत तर चीक विकला जाईल, पण तीस वर्षांनी त्याचं ओलं लाकूड काही दिवसांत कुठे पोचवणार, हे आत्ताच विचारा. तेव्हा झाडं तोडायला कदाचित बंड्या उभा असेल, तुम्ही-आम्ही नसू. माझं मत बांबूकडे झुकतंय, पण जमीन तुमची आहे आणि राबणारे हातही तुमचेच. दिवाळीत येते आहे तेव्हा बोलूच. तोवर त्या उतारावरचे जुने ऐन आणि किंजळ मात्र कोणाच्या सांगण्यावरून तोडू नका.